भोळ्या अळ्यांचं घराणं

आमच्या घरात डासांना अभय होतं. येलहंक्याच्या जुन्या गावात, तळ्याच्या अंगाला आमचं घर. दिवेलागणीला डास वऱ्हाड यावं तसे यायचे, आणि टाळ्या वाजवून जेवढे मरतील तेवढे मारण्यापलीकडे आम्ही त्यांचं काही करत नसू. शेजारच्या घरांतून कॉइलचा धूर निघू लागला की आई उठून त्या बाजूच्या खिडक्या लावून घ्यायची. आमच्याकडे कॉइल नाही, फवारा नाही, झुरळांचा खडू नाही, कपड्यांत डांबराच्या गोळ्यासुद्धा नाहीत. ढेकणांना उकळतं पाणी, मुंग्यांना हळद आणि डासांना मच्छरदाणी. संध्याकाळी मच्छरदाण्या बांधायचं काम माझ्याकडे होतं. दोऱ्या खिळ्यांना अडकवल्या की पिवळ्या दिव्याच्या उजेडात त्या पांढऱ्या खोल्या खोलीतल्या खोलीत हलत राहायच्या. आत शिरून पडलं की वडिलांचा, म्हणजे अण्णांचा रेडिओ, अक्काचं पुटपुटणं, तळ्यावरचे बेडूक हे सगळं पाण्याखालून ऐकू यावं तसं यायचं. अजूनही ते दिवस मला जाळीतूनच दिसतात. कडा पुसट, आणि मधे कुणीतरी पांढऱ्या कापडाआड हळूहळू वावरतंय.

हे सगळं आईच्या नोकरीपायी. आई कीटकशास्त्र शिकलेली. हवाई दलाच्या तळापलीकडे एका खासगी प्रयोगशाळेत ती बोंडअळ्यांवर काम करायची. कापसाच्या बोंडात शिरून आतलं सगळं फस्त करणारी ही अळी. शेतकरी तिच्यावर औषध मारत, काही वर्षं ती मरे, मग तेच औषध तिच्या अंगवळणी पडे आणि ती मरेनाशी होई. कुठल्या तालुक्यातली अळी कुठल्या औषधाला किती सरावली हे मोजायचं, आणि त्यावरून कुठे कुठलं औषध यंदा थांबवावं, त्याच्या जागी कुठल्या वेगळ्या जातीचं मारावं हे हंगामात वेळेवर सांगायचं, असं ते काम होतं. बंगळूरच्या आसपास कापूस नाही. कापसाचं बोंड मी पहिल्यांदा पाहिलं ते काचेच्या बरणीत.

पण अळी सरावली हे मोजायचं कशाशी ताडून? त्यासाठी प्रयोगशाळेतल्या आईच्या खोलीत एक घराणं सांभाळलेलं होतं. त्याच्या कित्येक पिढ्या त्या खोलीतच जन्मल्या आणि तिथेच संपल्या. त्यांतल्या एकीनेही कधी कुठल्या औषधाचा वारा घेतला नव्हता. आई त्यांना भोळ्या म्हणायची, आणि शेतातून आणलेल्यांना सराईत. एवढासा थेंब दिला की भोळी मरते. सराईत मरायला त्याच्या किती पट लागतं, तो दोघींतला फरक म्हणजेच माझं सगळं शास्त्र, असं तिने मला एकदा भाकऱ्या भाजता भाजता सांगितलं होतं. भोळ्या म्हणजे तिची मोजपट्टी. मोजपट्टीच बिघडली तर पुढची सगळी मापं खोटी. आणि भोळ्या इतक्या भोळ्या, की घरातून तिच्या पदराला, केसांना चिकटून गेलेलं एवढंसं काही त्यांना पुरे झालं असतं. म्हणून कॉइल नाही.

अळीची अवस्था संपवून कोषातून पतंग बाहेर पडले की ते मलमलीच्या पिंजऱ्यात राहत. रंगाने सुक्या पानासारखे, हातात घेतले तर बोटांना पिठासारखी पूड लागायची. मधाच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा एवढंच त्यांचं जेवण. पिंजऱ्यावर वरून जे मलमलीचं कापड ताणलेलं असे त्याच्या आतल्या बाजूला उलटं चिकटून ते बसत आणि त्यावरच अंडी घालत, राळ्याच्या दाण्याहून बारीक. खोलीत अंधार राखलेला, एका कोपऱ्यात मंद तांबडा दिवा. शाळा सुटल्यावर, पुढे कॉलेज सुटल्यावर मी आईला आणायला म्हणून जायचो आणि त्या तांबड्या उजेडात उभा राहायचो. शेकडो पंखांची ती कुजबुज. नीट ऐकलं तर ऐकू यायची, लक्ष दिलं नाही तर नाही.

अळ्यांचं जेवण मात्र आमच्याच घरच्यासारखं होतं. हरभऱ्याचं पीठ शिजवून, त्यात यीस्ट आणि काय काय जीवनसत्त्वं घालून आई त्याच्या वड्या थापायची. तो वास तिच्या हातांना राहायचा. घरी आल्यावर रात्रीच्या जेवणाला पिठलं असलं की अण्णा ताटाकडे बघून विचारायचे, हे आमचं की त्यांचं? अण्णा के. आर. पुरमला रेल्वेत होते आणि त्यांच्याजवळ विनोद मोजकेच होते. हा त्यांनी वर्षानुवर्षं वापरला आणि आम्ही दरवेळी हसलो.

हसायची नाही ती अक्का. अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण, माझी आत्या. नवरा गेल्यावर निपाणीहून आमच्याकडे आली आणि सगळ्यांची अक्का झाली. दूधवाला, फुलवाली, समोरचे गौडा, सगळे तिला अक्काच म्हणत, म्हणून मीही. तिची कन्नड मराठीत मिसळलेली, मराठी कन्नडमध्ये, आणि राग दोन्हींत. शैलाच्या, म्हणजे आईच्या, पाखरांपायी आम्ही डासांना रक्तदान करायचं, हे तिचं रोजचं वाक्य. भोळ्यांना ती आईच्या सवती म्हणायची. पण तिचा खरा राग फुलांवरून होता. आई कामाच्या दिवशी केसांत फूल माळत नसे, कारण बाजारची फुलं फवारलेली असतात. आता बंगळुरात सवाष्ण बाई मोकळ्या अंबाड्याने बाहेर पडते म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला कळतं. बसमध्ये अनोळखी बायका आईला थांबवून काळजीच्या सुरात विचारपूस करत. अक्काला ते जिव्हारी लागे. ती स्वतः विधवा, फुलं माळत नव्हती. आणि जिने माळावीत ती माळत नाही. आज मला वाटतं, अक्काच्या रागात निम्मं दुःखच होतं. तेव्हा मला तो नुसता राग वाटायचा, आणि मी आईच्या बाजूने असल्याचा मला अभिमान होता.

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर आई रायचूरकडे गेली. बोंडं भरत आलेली, तिकडून औषधं लागू पडत नसल्याचे निरोप येत होते, आणि अळ्या गोळा करायचे दिवस तेच. तिने सगळं जुळवून आणलं होतं. भोळ्यांचे पतंग नुकतेच बाहेर पडले होते. ती रायचूरच्या अळ्या घेऊन येईपर्यंत भोळ्यांच्या नव्या पिढीची अंडी तयार होणार, मग दोघींची मापं शेजारी शेजारी घेता येणार, आणि पुढच्या फवारण्यांच्या आत सल्ला जाणार. तिचा मदतनीस सणाला गावी गेला होता. म्हणून तिने किल्ली माझ्या हातात दिली. मी तेव्हा बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, आणि ती किल्ली पदवीपेक्षा मोठी वाटली. काम साधं होतं. दोन पिंजरे, एक भोळ्यांचा, एक आधीच्या फेरीत आणलेल्या सराईतांचा. रोज सकाळी जायचं, हात साबणाने धुवायचे, मधाचे बोळे बदलायचे, यायचं. घरच्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात एक स्टीलचा डबा होता, त्यात अंडी असलेलं मलमलीचं एक कापड. वीज गेली, काही झालं तर असावं म्हणून आई नेहमी एक कापड घरी ठेवायची. त्या डब्याला हात लावू नका, एवढं तिने अक्काला सांगितलं, आणि अक्काने नाक मुरडलं. इडलीच्या पिठाशेजारी ते अंड्यांचं फडकं तिला कधी रुचलं नव्हतं.

खंडेनवमीच्या दिवशी बंगळुरात काय असतं हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. रिक्षा, बस, पिठाची गिरणी, न्हाव्याची कात्री, सगळ्यांना हळदकुंकू आणि शेवंतीचे हार. रस्त्यारस्त्यावर कोहळे फोडलेले. अण्णा पहाटेच इंजिनाला केळीचे खुंट बांधायला गेले होते. मी निघालो तेव्हा अक्का दारात उभी होती, इरकली लुगडं नेसून, हातात ओल्या पंचात गुंडाळलेलं काहीतरी. मी पण येणार, म्हणाली. इतक्या वर्षांत तिने त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

पंचात शेवंती होती. आदल्या संध्याकाळी तिने दोन मोळ घेतली होती. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचं माप म्हणजे मोळ, आमच्याकडे माळ अशीच मोजून विकतात. रात्रभर तिने ती फ्रिजमध्ये ठेवली होती आणि सकाळी पुन्हा धुतली होती. मी चालता चालता म्हणालो, आईला चालणार नाही. अक्का थांबली. तिचं बोलणं मला शब्दन्‌शब्द आठवतं, कारण पुढे मी ते स्वतःला फार वेळा ऐकवलं.

“खंडेनवमीला आपली हत्यारं पूजल्याबिगर कुणी राहतंय होय रे? तुझ्या आईची हत्यारं म्हणजे ही पाखरंच की. आणि फुलं धुतल्यात मी. तीन पाण्यानं धुतल्यात.”

मला तेवढं पुरलं. खरं सांगायचं तर पुरण्याहून जास्त झालं. आई आणि अक्का यांच्यामधली एक जुनी गाठ माझ्यासमोर सुटते आहे असं वाटलं आणि माझं मन भरून आलं. फाटकावरच्या रखवालदाराने अक्काकडे पाहून हात जोडले. ती म्हणाली, स्वल्पच वेळ, पूजा करून निघतो. तो म्हणाला, सरी अक्का, आणि फाटक उघडलं.

खोलीत शिरताना अक्काने डोक्यावर पदर घेतला. तांबड्या उजेडात तिचा चेहरा लहान मुलीसारखा दिसत होता. पिंजऱ्याजवळ वाकून तिने पतंग पाहिले, त्यांची ती कुजबुज ऐकली. मग अगदी हळू, देवघरात बोलावं तसं म्हणाली, गरीब हायत की रे. तिने दोन्ही पिंजऱ्यांना बाहेरून कुंकवाचं बोट लावलं आणि वरच्या मलमलीवर एकेक माळ गोल मांडली. एक भोळ्यांवर, एक सराईतांवर. दुजाभाव केला नाही. फुलांतून पाणी ठिबकत होतं आणि मलमलीवर ओले डाग पसरत होते. काही पतंग खालून उडून त्या ओलाव्याला येऊन चिकटले. अक्का म्हणाली, बघ, तहानले होते. मला ते फार सुंदर वाटलं. ते सुंदर होतंही, आणि तीच अडचण आहे. आजही डोळे मिटले की पिवळी शेवंती, तांबडा उजेड आणि कापडाखालून वर चढणारे ते पंख मला दिसतात, आणि पहिल्या क्षणी आनंदच होतो. मग पुढचं आठवतं.

दसऱ्याच्या सकाळी मी एकटा गेलो. दार उघडलं तेव्हा आवाज होता, पण निम्मा. सराईतांचा पिंजरा नेहमीसारखा फडफडत होता. त्यांनी माळेच्या खालीच कापडावर भरपूर अंडी घातली होती. शेजारच्या पिंजऱ्याच्या तळाशी सुक्या पानांचा थर होता. मी हात घालून पाहिलं. बोटांना पूड लागली. एकही पतंग वर नव्हता, कापडावर एकही अंडं नव्हतं. माळ तशीच, अजून टवटवीत. धुतल्याने फुलांवरचं औषध गेलं नव्हतं. पाण्याबरोबर मलमलीतून खाली उतरलं होतं, आणि तहानलेल्यांनी ते प्यायलं होतं. मी तिथे जमिनीवर बसलो. आईला दोघींतला फरक मोजायला जो थेंब, जे यंत्र, जो हिशोब लागे, तो सगळा समोर दोन पिंजऱ्यांत आपसूक मांडलेला होता. इतका स्पष्ट की शेंबड्या पोरालाही कळावा.

अक्काला मी घरी येऊन सांगितलं. देवघरातल्या तसबिरींवरची शेवंती तिने एकेक काढली, कागदात बांधली आणि बाहेर नेऊन टाकली. त्या दिवशी सोनं द्यायला आलेल्यांना तिने दारातूनच परत पाठवलं.

आई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. खांद्यावर अळ्यांची पेटी, तिच्यात झाकणांना भोकं पाडलेल्या इवल्या डब्या, प्रत्येकीत एकच अळी. दोन एकत्र ठेवल्या तर एक दुसरीला खाते. मी अंगणातच सगळं सांगितलं. तिने पेटी मांडीवर घेतली आणि पायरीवर बसली. सराईतांचं काय, एवढंच विचारलं. जिवंत आहेत म्हटल्यावर तिने मान हलवली, जसं काही एखादं अपेक्षित उत्तर आलं. मागून अक्का म्हणाली की चूक पोराची नाही, फुलं माझी. मी म्हणालो, किल्ली माझ्याकडे होती. आम्ही दोघं आपापली चूक पुढे करत होतो आणि आई कुणाचीच घेत नव्हती.

“सुहास, मला रागवायला वेळ नाही,” ती म्हणाली. “फ्रिजमधला डबा काढ.”

तिची खोली धुवून, वारा देऊन पुन्हा वापरण्याजोगी व्हायला अवकाश होता. म्हणून ते घराणं आमच्या घरी आलं. कापडावरच्या अंड्यांपैकी बरीच फुटली नाहीत. जी फुटली त्यांतून दोऱ्याच्या तुकड्याएवढ्या अळ्या निघाल्या. घरात असतील नसतील त्या कुंकवाच्या डब्या, औषधांच्या बाटल्यांची झाकणं, अण्णांच्या विड्याच्या चुन्याच्या डब्या, सगळं उकळून, वाळवून त्यांत एकेकीला ठेवलं. मुंग्या आणि माश्या लागू नयेत म्हणून ताटं आईच्या पलंगावर मच्छरदाणीत मांडली. जाळीत अळ्या, आणि बाहेर चटईवर आम्ही. अण्णा अंग खाजवत म्हणाले की एवढा मान त्यांना लग्नातही मिळाला नव्हता. हरभऱ्याचं पीठ अक्का शिजवायची. आई माप सांगे, अक्का चमचा बाजूला ठेवून चिमटीने घाले, आई पुन्हा तराजूवर घाली, यावरून दोघींची रोज कुरबुर होई. पण ती कुरबुर वेगळी होती. पूर्वीची दोन भिंतींमधून चाले, ही एका पातेल्यावर.

ते दिवस मी पुन्हा पुन्हा आठवून झिजवले आहेत. दुपारी ऊन जाळीवर पडलेलं, आत ओळीने मांडलेल्या डब्या, आणि अक्का स्टुलावर बसून एकेक झाकण उचलून बघतेय. मोठ्या झालेल्या अळ्यांना ती जेवा गं, सावकाश जेवा म्हणायची. कुणाच्या पाठीवर पट्टा गडद, कोण आळशी, कोण झाकणालाच चिकटून बसते, सगळं तिला ठाऊक. आणि आई दाराशी उभी राहून हे बघायची. तिच्या चेहऱ्यावर काळजी असायची. मला ती उशिरा कळली.

ती काळजी अशी होती. शेवंतीची ती ओली माळ रात्रभर फ्रिजमध्ये होती, त्याच डब्याच्या वरच्या कप्प्यात. पाणी खाली ठिबकलं होतं का? न फुटलेली अंडी थंडीने गेली की फुलांच्या पाण्याने? आणि ज्या अळ्या निघाल्या त्या नुसत्या नशिबाच्या की मुळातच चिवट? मूठभरांपासून घराणं पुन्हा उभं राहत होतं. त्या मूठभरांत एखादी चिवट असेल तर पुढच्या सगळ्या पिढ्या तशाच निपजणार, आणि आई त्यांना भोळ्या म्हणत राहणार. मग रायचूरची अळी प्रत्यक्षात असेल त्याहून कमी सरावलेली दिसणार, आणि जे औषध थांबवायचं तेच मारत राहा असा सल्ला जाणार. खात्री करायचा मार्ग एकच होता. यांच्यातल्या काहींच्या पाठीवर औषधाचा थेंब ठेवायचा. त्या सगळ्या मेल्या तर घराणं शुद्ध. एक जरी जगली तर सगळं संपलं.

आईने हे अक्काला जेवताना सांगितलं. अक्काने ताटातला घास तसाच ठेवला आणि विचारलं, कुठल्या? आई म्हणाली, निवडायच्या नसतात, येईल ती डबी उचलायची. सकाळी आई त्या डब्या प्रयोगशाळेत न्यायला आली तेव्हा अक्का मागच्या अंगणात जाऊन तुळशीशी बसली होती, पाठ फिरवून.

थेंब आईने ठेवले. काही दिवसांनी बघायला तिने मला बोलावलं. तिचे डोळे तेव्हाही जवळचं बारीक बघताना थकत. माझ्या हातात बारीक केसांचा ब्रश होता. अळीच्या अंगाला तो हलका लावायचा. हलली तर जिवंत, नाही तर नाही. आई समोर पेन्सिल घेऊन बसली. खिडकीतून सकाळचं ऊन टेबलावर आलं होतं. मी पहिली डबी उघडली. ती आमच्या चुन्याच्या डब्यांपैकी होती.

“हलली?”

“नाही.”

पुढची. हलली? नाही. पुढची. मी मनात देवाचा धावा करत होतो. नको हलू. कृपा कर, नको हलू. जिला मी पापणीच्या केसाएवढी असल्यापासून पाहिलं होतं, जिच्यासाठी आम्ही चटईवर झोपून डास चावून घेतले, तिने मेलेलं असावं म्हणून मी जीव तोडून प्रार्थना करत होतो. दर नाहीबरोबर माझ्या छातीवरचं ओझं उतरत होतं. शेवटच्या डबीला मी ब्रश लावला, पुन्हा लावला, तिसऱ्यांदा लावला. आईने पेन्सिल खाली ठेवली. दोन्ही हातांनी चेहरा झाकून ती बसून राहिली आणि मग हात बाजूला करून म्हणाली, भोळ्याच आहेत रे अजून. मी हसलो. मोठ्याने हसलो. टेबलावर त्या सगळ्या डब्या उघड्या होत्या.

घरी पोचलो तेव्हा अक्का दारातच होती. तिने विचारलं, गेल्या सगळ्या? मी हो म्हणालो, आणि माझ्या चेहऱ्यावर ते हसू अजून असणार, कारण ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने मला हाताला धरून न्हाणीत नेलं. बंब पेटवलेला होता. डोक्यावरून पाणी घे, म्हणाली. मी म्हणालो, अक्का, अळ्या होत्या त्या. ती म्हणाली, व्हय, मला ठाऊक हाय काय होत्या. आई आली, तिलाही तिने आधी न्हाणीत पाठवलं, आणि आई गेली. स्मशानातून आलेल्यांसारखे ओल्या केसांनी आम्ही दोघं जेवायला बसलो. पिठलं होतं. त्या दिवशी अण्णांनी तो विनोद केला नाही.

त्या मोसमात आईची मापं खरी निघाली, सल्ला वेळेवर गेला, ऐकणाऱ्यांनी ऐकला. उरलेल्या भोळ्यांचं घराणं आपल्या खोलीत परत गेलं आणि आई निवृत्त होईपर्यंत चाललं. शेवंतीबद्दल तिने मला कधी बोल लावला नाही, आणि त्या फुलांचं ओझं माझ्या मनावरून केव्हाच उतरलं. न उतरलेलं ओझं त्या हसण्याचं आहे. योग्य वेळी योग्य मरणाचा आनंद होणं हे मी तिथे शिकलो, आणि जे शिकलो ते विसरता येत नाही. अक्का शेवटी फार दिवस अंथरुणाला होती. ती गेली त्या सकाळी मी तिच्या तळहाताला बोट लावून पाहिलं, पुन्हा लावून पाहिलं, आणि माझ्या छातीवरून तसंच ओझं उतरलं. मी न्हाणीत जाऊन बराच वेळ डोक्यावरून पाणी घेत राहिलो. गरम करायचंही मला सुचलं नाही.

आता आम्ही सर्जापूर रोडला राहतो. येलहंक्याचं घर विकलं. इथे इमारतींच्या मधून आठवड्यातून एकदा संध्याकाळी धूर सोडणारं यंत्र फिरतं. मुलं हसत त्यामागे धावतात आणि थोड्या वेळासाठी सगळे जिने, झाडं, गाड्या पांढऱ्या जाळीआड जातात. आई माझ्याकडे असते. तिला आता जवळचं काही दिसत नाही. कापसात अळीला स्वतःच मारणारी नवी जात आली, अळ्या तिलाही सरावल्या, हे तिला मी वर्तमानपत्रातून वाचून दाखवतो. शेताच्या कडेने थोडा साधा कापूस लावा, त्यावर औषध मारू नका, भोळ्यांना कुठेतरी जगू द्या, म्हणजे सगळं रानच सराईतांचं होणार नाही, हे तिने उमेदीच्या शेवटच्या वर्षांत किती जणांना सांगितलं असेल. ऐकून झालं की ती म्हणते, पुढचं वाच.

परवा धूर विरल्यावर मी बाल्कनीत गेलो तर कुंडीजवळ एक पतंग पडला होता. सुक्या पानाच्या रंगाचा. मुलीच्या चित्रकलेच्या डब्यातून मी बारीक ब्रश आणला आणि गुडघ्यांवर बसलो. आई आत आरामखुर्चीत होती. मी काय करतोय हे तिने कसं ओळखलं, कोण जाणे. कदाचित मी श्वास धरला होता.

“हलली?” तिने आतून विचारलं.

मी ब्रश लावला. काही नाही. पुन्हा लावला. आणि लक्षात आलं की या वेळी मनातला धावा उलटा आहे. पंखाची कड थरथरली, मग दुसरा पंख उघडला, आणि फरशीवर थोडी पूड ठेवून तो कठड्यावर चढला, तिथून खाली अंधारू लागलेल्या झाडांकडे गेला. तो नशिबाचा होता की सराईत, एकावरून सांगता येत नाही. आईनेच शिकवलंय ते.

“हलली,” मी म्हणालो.

“बरं झालं,” ती म्हणाली. “आता दार लाव. डास येतील.”